सोलापुरात साइन लँग्वेज इंटरप्रिटर बोलवायचा असेल तर: पुण्याच्या एका सर्व्हिसचा रिव्ह्यू

रिव्ह्यू मोठा आहे, पण सोलापूरकरांसाठी या विषयावर कुणी लिहिलेलं मला तरी सापडलं नाही म्हणून सगळंच लिहितो. माझा दादा आणि वहिनी दोघंही जन्मापासून कर्णबधिर. दादा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला आहे आणि वहिनी शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या एका युनिटमधे मशीनवर बसते. त्यांची मुलगी सातवीत, तिला व्यवस्थित ऐकू येतं. वहिनीच्या पित्ताशयात खडे निघाले, ऑपरेशन ठरलं आणि त्यासाठी आम्ही पहिल्यांदाच पैसे देऊन रीतसर इंटरप्रिटर, म्हणजे बोलणं साइनमधे आणि साइन बोलण्यात करून सांगणारा दुभाषा, बोलावला, नंतर दादाच्या बँकेच्या कामाला तीच सर्व्हिस व्हिडिओ कॉलवरून घेतली. सर्व्हिस पुण्याहून चालते. नाव टाकत नाही, कारण त्यांचं जे चुकलं तेही लिहिणार आहे, आणि कुठलीही अशी सर्व्हिस घेताना काय बघायचं ते कळलं की नाव तुमचं तुम्हाला शोधता येईल.

आधी इंटरप्रिटर लागतो कशाला ते सांगतो, कारण अगदी जवळच्या नातेवाईकांनीसुद्धा मला हेच विचारलं, अरे तू आहेस की घरात. आहे ना, लहानपणापासून मीच आहे, शाळेत, रेशनला, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढताना सगळीकडे. पण आमच्या घरातल्या खुणा आईने आणि आम्ही भावंडांनी मिळून जमवलेल्या आहेत, जेवलास का, पाहुणे येणारेत, पैसे संपले, एवढ्याला त्या पुरतात. दादा-वहिनी त्यांच्या डेफ मित्रमंडळींत बसले की ज्या स्पीडने हात चालतात ती खरी इंडियन साइन लँग्वेज, तिला स्वतःचं व्याकरण आहे, प्रश्नाचा शब्द वाक्याच्या शेवटी येतो, भुवया वर गेल्या की हो-नाहीचा प्रश्न होतो, आणि त्यातलं मला निम्मंही धरता येत नाही. बरं, लिहून दाखवा म्हणणारे पण खूप भेटतात. वहिनीला मराठी वाचता येतं, दुकानाची पाटी, मेसेज, तारीख वार सगळं, पण जी भाषा कानावर कधी पडलीच नाही तिच्यातला दीड पानाचा संमतीपत्राचा मजकूर, तोसुद्धा डॉक्टरी मराठीत, तो कुणीही पुढे सरकवला तर ती सही करून मोकळी होणार, दुसरं काय करेल ती.

आणि नेमकं तेच व्हायला आलं होतं. शहरातलं एक खाजगी हॉस्पिटल, डॉक्टर हुशार आहेत, हाताला गुण आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण पहिल्या व्हिजिटला मी कामावर होतो, दादा-वहिनी पोरीला घेऊन गेले होते, तर तिथल्या स्टाफने त्या सातवीतल्या पोरीला समोर उभं करून सांगितलं की मम्मीला सांग, पोटात भोकं पाडून पिशवी काढायची, जोखीम असते, पप्पांची सही घे. पोरगी घरी आली ती रडतच. रात्री जेवली नाही. आई मरणार का म्हणून आजीला विचारत होती. त्या रात्रीच मी ठरवलं की या ऑपरेशनचा एक शब्दही आता या लेकरातून जाणार नाही. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलला फोन करून विचारलं तर, आमच्याकडे तशी सोय नाही, तुम्ही आहात ना सोबत.

सोलापुरात शोधलं आधी. डेफ मंडळींच्या ग्रुपमधून दादानेच विचारलं, एक-दोन शिक्षक आहेत ज्यांना साइन येते, पण शाळा सोडून मधल्या वेळेत येणं त्यांना जमेना आणि त्यातल्या एकांनी स्वतःच प्रामाणिकपणे सांगितलं की शिकवणं वेगळं आणि डॉक्टर बोलत असताना त्याच वेळी करत जाणं वेगळं, ते आम्ही शिकलेलो नाही. हे मला फार आवडलं. इंटरप्रिटिंगचा वेगळा कोर्स असतो, दोन वर्षांचा डिप्लोमा, मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग इन्स्टिट्यूटमधे आहे, दिल्लीत आयएसएलआरटीसीमधे आहे, आणि ते आयएसएलआरटीसी हे केंद्र सरकारचं साइन लँग्वेजचं सेंटरच मुळात २०१५ साली सुरू झालं. २०११ च्या जनगणनेत देशात ऐकण्याचं अपंगत्व असलेले ५० लाखांच्या वर लोक मोजलेत आणि शिकलेले इंटरप्रिटर हाताच्या बोटावर, त्यातले बहुतेक मोठ्या शहरांत. मग शेवटी पुण्याची सर्व्हिस.

आता खरा रिव्ह्यू. यांचं बुकिंग मला सगळ्यात आवडलं, त्यामुळे त्यावरच जास्त लिहितो. व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला, संध्याकाळी एका मॅडमचा फोन आला. मला वाटलं रेट सांगतील आणि तारीख विचारतील. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, इंटरप्रिटर कोणासाठी हवाय, त्यांच्याशी व्हिडिओवर बोलता येईल का. म्हणलं मी सांगतो ना सगळं. तर त्या म्हणाल्या, दादा तुमचं ऐकतेच मी, पण ताईंना कशी साइन सोयीची आहे ते त्यांच्याकडूनच कळेल. मग वहिनीला व्हिडिओ कॉल लावला, त्या मॅडम स्वतः साइन करत होत्या. वहिनी कुठल्या शाळेत होती, शाळेत साइन चालायची का फक्त ओठ बघून बोलायला लावायचे, मैत्रिणी कुठल्या गावच्या, हे सगळं गप्पा मारल्यासारखं काढून घेतलं. याचं कारण मला नंतर समजलं. गावागावच्या, शाळाशाळांच्या साइनमधे फरक असतो, वार, महिने, रंग, नाती यात तर बराच, आणि कुणाची साइन फक्त घरगुती असेल तर एका इंटरप्रिटरने भागत नाही, सोबत एक डेफ इंटरप्रिटरसुद्धा घ्यावा लागतो जो त्या माणसाच्या खुणा धरून पुढे समजावतो. वहिनीच्या बाबतीत तशी गरज नाही म्हणाल्या.

पुढचे प्रश्न पण ऐका. बाई हवी का पुरुष. ऑपरेशन कसलं, डॉक्टरांच्या कागदाचा फोटो मिळेल का म्हणजे इंटरप्रिटर आदल्या दिवशी शब्द बघून ठेवेल. किती वेळ चालेल. खोली कशी आहे. डॉक्टर मराठीत बोलतात का इंग्लिश मिसळतात. घरचं कुणी कन्नड किंवा तेलुगू बोलणारं असणार आहे का, हे विचारल्यावर मी चाटच पडलो, कारण वहिनीचं माहेर तेलुगू, पूर्व भागातलं, आणि तिची आई मराठी तोडकंमोडकंच बोलते. आपल्या सोलापुरात एका खोलीत तीन भाषा असणं नेहमीचं आहे पण पुण्यात बसून हे विचारणारी बाई म्हणजे तिने काम केलेलं आहे. शेवटी ठरलं की इंटरप्रिटर मराठी-साइन करेल आणि आईंना तेलुगूत वहिनीचा भाऊ सांगेल.

इंटरप्रिटर ताई रात्री पुण्याहून सिद्धेश्वर एक्सप्रेसने निघून सकाळी पोचल्या. साध्या गडद निळ्या कुर्त्यात, हातात बांगडी नाही, अंगठी नाही, नेलपॉलिश नाही. हात स्वच्छ दिसावेत म्हणून असं असतं, छापील नक्षीच्या कपड्यापुढे बोटं दिसत नाहीत. आल्या आल्या त्यांनी आणि वहिनीने आपापली साइन नावं सांगितली. वहिनीचं नाव म्हणजे उजव्या भुवईवर बोट टेकवणं, लहानपणी पडून तिथे खूण राहिलीय ती. आमच्या घरात मला हे नाव माहीतच होतं पण बाहेरचं माणूस तिला त्या नावाने हाक मारतंय हे पहिल्यांदा बघितलं.

डॉक्टरांच्या केबिनमधे गेल्यावर ताईंनी आधी खुर्च्या हलवल्या. डॉक्टरांच्या मागे मोठी खिडकी आणि सकाळचं ऊन सरळ डोळ्यात, तिथे उभं राहिलं तर वहिनीला चेहरा काळा दिसणार, म्हणून पडदा ओढायला लावला आणि डॉक्टरांच्या बाजूला किंचित मागे बसल्या, म्हणजे वहिनीला दोघंही एका नजरेत. मास्क खाली घ्यायला सांगितला, कारण चेहऱ्यावरचे भाव हे साइनमधे व्याकरणाचाच भाग आहेत, ते झाकले तर अर्धं वाक्य गेलं. डॉक्टरांना हात जोडून दोन गोष्टी सांगितल्या, माझ्याकडे बघू नका त्यांच्याकडे बघून बोला, आणि यांना सांगा असं म्हणू नका, थेट तुम्ही म्हणा. डॉक्टर चांगले आहेत, लगेच तसं करायला लागले, एकदाच चुकले, यांना समजलं का असं ताईंना विचारलं तर ताईंनी तोच प्रश्न वहिनीला केला आणि उत्तर वहिनीकडून आलं.

ऑपरेशन समजावलं ते मी शब्दात कसं सांगू. डॉक्टर म्हणाले दुर्बिणीतून करणार, चार छोटी छिद्रं. ताईंनी स्वतःच्या पोटावर बोटाच्या टोकाने चार ठिकाणी टेकवलं, मग एका छिद्रातून कॅमेरा आत जातोय, एकातून हत्यार, पिशवी धरली, कापली, बाहेर. मग डॉक्टर म्हणाले, आत सूज जास्त असेल तर ओपन करावं लागेल. इथे ताईंच्या भुवया वर गेल्या, थांबल्या, जर तर सांगायची ती पद्धत, आणि उजव्या बरगडीखाली बोट आडवं लांब ओढलं. वहिनीने तेच बोट स्वतःच्या बरगडीखाली ओढून बघितलं. मग तिने विचारायला सुरुवात केली आणि ताईंच्या तोंडून मराठीत वाक्यं यायला लागली, इंटरप्रिटर मी म्हणूनच बोलतात, "मला हे आत गेल्यावर कळणार की बाहेर आल्यावर? मोठा काप झाला तर मशीनवर किती दिवसांनी बसायचं? माझं मशीन मोटरचं आहे, पायाला जोर नाही, पण कापडाचे गठ्ठे उचलावे लागतात." इतक्या वर्षांत वहिनीचं असं पूर्ण, सलग, तिच्या मनातलं वाक्य मी मराठीत पहिल्यांदा ऐकलं. ती इतकी नेमकी बोलते हे आम्हाला घरात कुणालाच माहीत नव्हतं.

आणि त्यानंतर जे झालं त्यासाठी मी म्हणेन की सगळे पैसे वसूल झाले. डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला, कुठल्या औषधाचा त्रास. मी नाही म्हणायला तोंड उघडणार तेवढ्यात वहिनी बोलायला लागलेली, लग्नाआधी दाढ काढली होती तेव्हा दिलेल्या गोळीने अंगभर पुरळ आलं आणि ओठ सुजले होते. आमच्याकडे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, दादालासुद्धा नीट नाही. गोळी कुठली, तर दातांच्या डॉक्टरची चिठ्ठी तिने कपाटात जपून ठेवलेली. दादा गाडीवर जाऊन घेऊन आला, डॉक्टरांनी बघितली, फाइलवर लाल पेनाने मोठ्या अक्षरात लिहिलं आणि द्यायचं अँटिबायोटिक बदललं.

मग ताईंनी वहिनीच्या वतीने सांगितलं की मला डॉक्टरांशी थोडं एकटीला बोलायचंय. मी आणि दादा बाहेर. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही आणि मला ते माहीत असायचं कारणही नाही. ताईंनी पण नंतर अवाक्षर काढलं नाही, आईने चहाच्या वेळी सहज खोदून बघितलं तर हसून म्हणाल्या, काकू ते मी तिथेच सोडून आले. घरातलं माणूस इंटरप्रिटर असेल तर बाईमाणसाला दिरासमोर, सासूसमोर, पोरीसमोर काय काय गिळावं लागत असेल याचा विचार करा.

ऑपरेशन दुर्बिणीतूनच झालं, वहिनी ठणठणीत आहे. ऑपरेशननंतर शुद्धीवर येताना ताई समोर हव्यात असं खरं तर मी आधी सांगायला पाहिजे होतं, पण ते त्यांनीच सुचवलं, भूल उतरताना ऐकू येणाऱ्या माणसाला सिस्टर हाक मारतात, डेफ माणसाने डोळे उघडले तर समोर ओळखीचे हात दिसायला पाहिजेत. सलाइन कुठल्या हाताला लावायचं हे पण विचारून घेतलं, वहिनी उजव्या हाताने जास्त बोलते म्हणून डाव्या हाताला लावलं. रात्री ताई नसताना काय, तर वॉर्डच्या सिस्टरला मोबाइलमधे साइन लर्न ॲप टाकून दिलं. आयएसएलआरटीसीचं आहे, २०२२ ला आलंय, फुकट आहे, त्यांच्या १०,००० शब्दांच्या डिक्शनरीवर बनवलेलं, हिंदी किंवा इंग्लिशमधे शब्द शोधला की व्हिडिओ दिसतो. सिस्टरने दुखणं, पाणी, लघवी, उलटी, थांबा एवढ्या साइन त्या रात्रीत उचलल्या आणि वहिनीला जो धीर आला तो बघायला पाहिजे होता. डिक्शनरी शब्दांपुरतीच हां. त्यावर भागवून कुणी संमतीपत्र समजवायला जाऊ नका, शब्द पाठ झाले म्हणून भाषा येत नाही.

आता जे खटकलं ते. पहिलं बिल. यांचा नियम कमीत कमी दोन तासांचा, त्यापुढे अर्ध्या अर्ध्या तासाचं वाढीव, वर जाण्यायेण्याचं आणि राहण्याचं वेगळं. हे आधी सांगितलेलं, त्याबद्दल वाद नाही, ताईंच्या मेहनतीचा पैसा आहे. पण डॉक्टर दुसऱ्या इमर्जन्सीत अडकले, आम्ही बाहेर बाकड्यावर बसून राहिलो आणि तो वेळ पण मीटरवर चढला, त्याचा फोन नाही मेसेज नाही, सरळ बिलात आला. मी फोन करून स्पष्ट बोललो, कामगार माणसं आहेत, आधी सांगितलं असतं तर वेळ बदलली असती. त्यांनी ऐकून घेतलं आणि वाट बघण्याचे निम्मे पैसे परत केले. तरी नियम लेखी द्यायला पाहिजे. तुम्ही बुक करताना हे आधी विचारून घ्या, आणि हॉस्पिटलला सकाळची पहिली अपॉइंटमेंट मागा.

दुसरं म्हणजे व्हिडिओवाली सर्व्हिस, ही मला जेमतेम वाटली. दादाचं घराच्या कर्जाचं काम होतं, हप्ता वाढवून मुदत कमी करायची होती. व्हिडिओचा रेट कमी, प्रवास नाही, छोट्या कामाला परवडतं. पण ऐन वेळी ठरलेला इंटरप्रिटर बदलला आणि जो आला तो हिंदीतून काम करणारा. बँकेतले साहेब अस्सल सोलापुरी मराठीत बोलणार, तेही काउंटरच्या गोंगाटात, आणि पलीकडच्याला मुद्दल, थकबाकी, तारण हे शब्द मराठीत चटकन उमगेनात, तो सारखा परत बोला परत बोला म्हणायला लागला. दादा वैतागला. त्यात मोबाइल साहेबांनी हातात उभा धरलेला, इंटरप्रिटरचे हात स्क्रीनच्या बाहेर जातायत, नेट अडकलं की हात हवेत थिजतात आणि मधलं वाक्य गायब. शेवटी मी फोन आडवा करून फाइलींच्या गठ्ठ्याला टेकवला, वायफाय घेतलं, साहेबांना केबिनमधे चला म्हणून विनंती केली तेव्हा गाडी रुळावर आली. काम झालं, दादाने स्वतः आकडे विचारून स्वतः निर्णय घेतला, हे महत्त्वाचं, पण सर्व्हिसने मराठी इंटरप्रिटर कबूल करून हिंदी देणं चूकच आहे आणि तसं मी त्यांना कळवलंय. व्हिडिओ घेणार असाल तर टॅब आणि स्टँड जवळ ठेवा, स्वतःचा नेटपॅक ठेवा, ऑपरेशन, कोर्ट, दस्त नोंदणी असल्या कामाला व्हिडिओच्या भानगडीत पडू नका, माणूसच बोलवा.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने लिहिलीच पाहिजे. माझे काका, उभं आयुष्य पॉवरलूमवर गेलं. लूमच्या शेडमधला आवाज नव्वद डेसिबलच्या वर सहज जातो, तिथे रोज पाळी करून करून कान गेलेत, आणि असे म्हातारे आपल्या अशोक चौकापासून पुढे घराघरात सापडतील. आवाज येतो पण शब्द कळत नाही अशी तक्रार असते, कारण बारीक पट्टीचे आवाज आधी जातात, स, श, फ, त हे सगळे एकसारखे लागतात, वर घरच्यांना वाटतं मुद्दाम लक्ष देत नाहीत. काकांच्या डोळ्याच्या तपासणीला पण इंटरप्रिटर घ्यावा असं माझ्या डोक्यात आलं, फोन केला, तर त्या बुकिंगच्या मॅडमनी विचारलं काकांना साइन येते का. नाही. मग म्हणाल्या, दादा पैसे वाया घालवू नका, त्यांना साइनचा काही उपयोग नाही, त्यांना अक्षरं दाखवा. गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब ॲप टाकायला सांगितलं, फुकट आहे, मराठी चालतं, समोरचा बोलेल ते स्क्रीनवर मोठ्या अक्षरात येतं. आणि ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून कानाच्या मशीनचं बघा म्हणाल्या. आलेलं गिऱ्हाईक असं परत पाठवणारी माणसं आजकाल कुठे भेटतात. ॲप गर्दीत गडबडतं, नावं चुकवतं, पण शांत केबिनमधे काकांनी वाचून वाचून डॉक्टरांशी अर्धा तास वाद घातला, चष्म्याच्या नंबरावरून. काकू शेजारी बसून नुसतं बघत होती.

हा सगळा खर्च घरच्यांनी का करायचा, हा माझा राग अजून गेलेला नाही आणि तो इथे लिहिणार. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. संवाद म्हणजे काय याच्या व्याख्येतच त्यात साइन लँग्वेज धरलीय, आणि सरकारी तसंच खाजगी हॉस्पिटलात दिव्यांगांना अडथळा नको हे कलम २५ मधे आहे. कोर्टात तर आता जास्त स्पष्ट आहे, १ जुलै २०२४ पासून जो भारतीय साक्ष अधिनियम आलाय त्याच्या कलम १२५ प्रमाणे साक्षीदाराला बोलता येत नसेल तर कोर्टाने इंटरप्रिटर किंवा विशेष शिक्षकाची मदत घ्यायची आणि त्या जबाबाचं व्हिडिओ शूटिंग करायचं. सप्टेंबर २०२३ मधे सारा सनी या कर्णबधिर वकील सुप्रीम कोर्टाच्या ऑनलाइन सुनावणीत इंटरप्रिटर घेऊन हजर झाल्या, तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्यासमोर. दिल्लीत सगळ्यात मोठ्या कोर्टात हे चालतं तर सोलापुरात दोनशे खाटांच्या हॉस्पिटलला महिन्यातून एक वार ठरवून इंटरप्रिटर का ठेवता येऊ नये, पुण्याहून येण्याचा खर्च सगळ्या पेशंटांत वाटला गेला तर कुणालाच जड नाही. आम्ही बिल हॉस्पिटलला जोडून लेखी अर्ज दिलाय. आयएमए ही डॉक्टरांची संघटना असो की सामाजिक संस्था असो, कुणी मनावर घेतलं तर डेफ मंडळींची यादी करून द्यायला दादाचा ग्रुप तयार आहे, त्यांनी तसं स्वतःच्या व्हिडिओत सांगितलंय. आणि आपल्याकडच्या पोरापोरींनी, खास करून ज्यांच्या घरात डेफ आईबाप आहेत त्यांनी, बारावीनंतर त्या डिप्लोम्याचा विचार करावा. त्यांना भाषा आधीच येते आणि काम पडलेलं आहे.

रेटिंग म्हणाल तर प्रत्यक्ष येणाऱ्या इंटरप्रिटरला पाचपैकी पाच, बुकिंगला पाच, व्हिडिओला अडीच, बिलिंगला तीन. परत घेणार का, हो, दादाच्या फ्लॅटच्या दस्ताला घेणारच आहे आणि या वेळी त्याच ताई हव्यात असं आधीच कळवलंय. तुम्ही दुसरी कुठली सर्व्हिस बघत असाल तर एवढं बघा की ते तुमच्याशीच बोलतायत की तुमच्या डेफ माणसाशी पण बोलायला मागतायत. न मागणाऱ्यांना मी तरी पैसे देणार नाही. इंटरप्रिटरने डिप्लोमा कुठून केला ते बिनधास्त विचारा, चांगले लोक आनंदाने सांगतात. लग्न, मीटिंग, दिवसभराचं ट्रेनिंग असेल तर एका माणसावर अडून बसू नका, वीस-तीस मिनिटांनी हात आणि डोकं दोन्ही थकतं, चुका व्हायला लागतात, म्हणून दोघांची जोडी घ्यावी लागते, बजेट तसंच धरा.

आणि तारखेचं बघा. २३ सप्टेंबर हा जागतिक साइन लँग्वेज दिवस, त्या आठवड्यात सगळीकडे कार्यक्रम असतात आणि चांगले इंटरप्रिटर कुठेच मोकळे मिळत नाहीत, त्यामुळे ऑपरेशनची किंवा कोर्टाची तारीख त्या दिवसांत येत असेल तर ऑगस्टमधेच फोन करून ठेवा.